हाडापासून दोन बोटं

मला काकाजींना एक उत्तर द्यायचं होतं आणि चार वर्षं मी ते दिलं नाही. त्यांनी प्रश्न विचारलाच नाही, हे माझं निमित्त. निमित्त बरं आहे, पण ते माझं मलाच पटत नाही. कारण हा माणूस तोच प्रश्न दिवसातून दहादा विचारायचा. टीव्हीवरच्या बातमीला विचारायचा, डॉक्टरला विचारायचा, लग्न जमवणाऱ्याला विचारायचा. आणि एका दुपारी, ज्या दुपारी त्यांनी तो मला विचारायलाच हवा होता, त्या दुपारी ते हातात बटाटा धरून नुसते उभे राहिले.

प्रश्न एवढाच. "कुठं लावला?"

काकाजी म्हणजे माझे घरमालक. वरठीत, स्टेशनापासून पायी दहा मिनिटांवर त्यांचं घर. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. बायको-मुलं पवनीला, आणि मी इकडे त्यांच्या समोरच्या खोलीत नऊ वर्षं भाड्यानं. काकाजींनी पोलादाच्या कारखान्यात तीस वर्षं भट्ट्यांचं तापमान मोजलं. एका नळीत दोन तारा असतात, नळीचं टोक भट्टीत खुपसायचं, बाहेर आकडा उमटतो. त्या नळीला ते सळई म्हणत. कारखान्यात तिला भलंमोठं इंग्रजी नाव होतं, पण काकाजींच्या तोंडी सळईच.

"आकडा कधी खोटा नसते मास्तर," ते म्हणत, "जागा खोटी असते. दाराजवळ सळई लावाल तं भट्टी थंडी, कॉइलवर लावाल तं भट्टी गरम. भट्टी तं तेच आहे ना बाप्पा!"

इथपर्यंत ठीक होतं. पण हे त्यांनी कारखान्यात ठेवलं नाही, घरी आणलं. टीव्हीवर 'भंडारा पंचेचाळीस अंश' आलं की पडद्याकडे बोट जायचं. "कुठं लावला? झाडाखाली का टिनावर? अर्धा जिल्हा तोडून गोंदियाले देऊन टाकला, आता यायनं सळई कोणत्या कोपऱ्यात ठेवली कोणाले माहीत!" माझ्या वर्गाची वाचनाची तपासणी छान झाली म्हणून मी एकदा पेढे आणले. पेढा तोंडात टाकत ते म्हणाले, "कोणाले वाचाले लावलं? पहिल्या बाकावरच्याइले?" मी तणतणत खोलीत निघून गेलो. पहिल्या बाकावरच्यांनाच लावलं होतं, म्हणून तर एवढा राग आला.

मुलीसाठी साकोलीचं स्थळ आलं, तेव्हा सगळे म्हणाले पोरगा सोन्यासारखा आहे. काकाजींनी विचारलं, "कोणाले विचारलं तुम्ही? त्याच्या मायले?" आणि बसमध्ये बसून एकटेच साकोलीला गेले. पोराच्या घरी गेलेच नाहीत. त्याच्या ऑफिससमोरच्या चहाच्या टपरीवर दिवसभर बसले, टपरीवाल्याशी बोलले, ऑफिसातल्या शिपायाशी बोलले, आणि संध्याकाळी येऊन काकूंना म्हणाले, "चालते. शिपायाले 'अहो' म्हणते."

त्यांना वेडसर म्हणणारे गल्लीत बरेच होते. मी त्यांच्यात मोडत नव्हतो असं नाही.

निवृत्त झाल्यावर माणसं गच्चीवर खोली काढतात. काकाजींनी कबाड्याकडून लोखंडी कपाट आणलं, कपडे ठेवायचं. त्याच्या आत दुसरा पत्रा ठोकला, दोन पत्र्यांच्या मधात भट्टीवाली, न जळणारी लोकर भरली, तळाशी विजेची कॉइल बसवली, कॉइलवर लोखंडी तवा, तव्यावर आरा-मशीनवरून आणलेला आंब्याचा भुसा. भुसा जळत नाही, नुसता धुमसतो. वर तीन जाळ्या, त्यांच्यावर मांस ठेवायचं, आणि डोक्यावर धूर जायला नळी. मांसाला धुरी द्यायचं, विजेवर चालणारं कपाट. असं यंत्र परदेशात घरोघरी असतं, हे त्यांनी कुठंतरी मोबाइलवर पाहिलं होतं.

काकूंनी कपाळाला हात लावला. "अजी, लोक काय म्हणतील? पुन्हा चानी वाळवून राहिले म्हणतील ना!"

आमची गल्ली सगळी बौद्धांची. आमच्या आज्या-पणज्या मांसाच्या लांब पट्ट्या कापून दोरीवर उन्हात वाळवत, त्या चानी. ते दिवस आणि ते खाणं आमच्या माणसांनी धर्मांतराबरोबर सोडलं, आणि सोडलं याचा आम्हाला अभिमान आहे. त्यामुळे कपाटातून पहिला धूर निघाला तेव्हा विहारातली दोन वडीलधारी माणसं फाटकाशी येऊन उभी राहिली. काकाजींनी त्यांना आत बोलावलं, कपाट उघडून दाखवलं. आत एक कोंबडी होती.

"माझी आजी वाळवे, थे तिची गरज होती," काकाजी म्हणाले. "मी करून राहिलो, हा माझा शौक आहे. तिले शौक करू देला नाही कोणं. मंग मी करतो." दोघं तिथंच बसले. जाताना एक-एक तंगडी खाऊन गेले.

आता सळईचा प्रश्न आला. कपाटाच्या आत ती नेमकी कुठं लावायची? यावर त्या माणसानं दोन महिने घालवले. खोटं सांगत नाही, दोन महिने. तिन्ही जाळ्यांवर सगळीकडे कच्चे बटाटे मांडायचे, कपाट दोन तास चालवायचं, मग एकेक बटाटा कापून पाहायचा. कोणता शिजला, कोणता अर्धा, कोणता एका बाजूनं करपला. वहीत जाळ्यांचं चित्र काढून खुणा करायच्या. काकूंनी आणि मी त्या दोन महिन्यांत इतकी बटाट्याची भाजी खाल्ली की मला बटाटा पाहून रडू यायचं.

शेवटी निकाल लागला. एक सळई मधल्या जाळीच्या उंचीवर, भिंतीला टेकलेली नको, कॉइलच्या थेट वर नको, दाराच्या फटीशी नको, धुराच्या नळीखाली नको. मांसाच्या शेजारी पण मांसाला न चिकटलेली, कारण थंड मांस तिला थंड करतं. ही कपाटाची हवा सांगते. आणि दुसरी सळई, खरी, ती मांसाच्या पोटात, जिथं सगळ्यात जाड आहे तिथं.

"हवा किती बी गरम असो," काकाजी मला समजावत, "पाहुणा हवा खात नाही. पाहुणा मधातलं खाते."

मी म्हणालो, "काकाजी, काकू तर नुसतं दाबून सांगतात."

हे त्यांना लागायचं. कारण ते खरं होतं. काकू कपाटाचं दार उघडून अंगठ्यानं मांस दाबायच्या आणि म्हणायच्या, "नाही झालं अजून." काकाजी आकडा पाहायचे, आकडा कमीच असायचा. पुन्हा अर्ध्या तासानं अंगठा. "आता झालं." आकडा बरोबर पोचलेला. काकाजी चिडून विचारायचे, "तुले कसं समजते वो?" काकू हसायच्या. "मऊ आहे तवपर्यंत कच्चं. मले काय विचारता, तुमची सळई आहे ना!" त्यांना स्वतःला मांस फारसं आवडत नसे. पहिला तुकडा मात्र त्याच खायच्या, काकाजी त्यांच्या तोंडाकडे पाहत उभे राहायचे.

जावई पहिल्यांदा जेवायला आले, तेव्हा काकाजींनी बोकडाची अख्खी मांडी लावली. सकाळी सातला कपाट सुरू. बारा वाजता काकूंनी दाबून पाहिलं, "नाही झालं." काकाजी म्हणाले, "सत्तर पार झाला वो, झालं." "नाही झालं जी, हाडापाशी नाही झालं." "आकडा दिसून राहिला ना समोर!" ताटं मांडली, मांडी कापली. वरून सुरेख तांबूस, आणि हाडाजवळ लाल, कच्ची.

जावई बिचारे म्हणत होते, चालतं मामाजी, वरवरचं खाऊ. काकाजी ऐकतात कुठे! त्यांनी सळई काढून पाहिली. टोक हाडाला टेकलं होतं. हाड मांसाच्या आधी तापलं आणि आकडा हाडाचा आला. ताटासमोर उभे राहून ते सगळ्यांना म्हणाले, "चूक माझी. हाडाले टेकली होती." मांडी परत आत गेली आणि आम्ही चार वाजता जेवलो. जेवण झाल्यावर त्यांनी खडूनं कपाटाच्या दारावर मोठ्या अक्षरात लिहिलं: हाडापासून दोन बोटं.

नंतर मला म्हणाले, "मास्तर, चुकलो याचं काही नाही. पण तुमची काकू सांगून राहिली होती ना मले. आकडा पायजे तसा आला की माणूस विचारतच नाही कुठं लावला."

हे वाक्य त्यांनी स्वतः उच्चारलेलं आहे. मी बनवून सांगत नाही. मला अलीकडे ते आठवलं की जीव नकोसा होतो.

मग ते आजाराचे दिवस आले. सगळ्या जगाला आले तसे वरठीलाही आले. शाळा बंद झाल्या आणि आम्हा मास्तरांच्या हाती पिस्तुलासारखं यंत्र दिलं, घरोघरी जाऊन ताप मोजायला. काकाजींनी ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. "अंगाले लागत बी नाही आन ताप सांगते? बरं. पण मग कपाळावर धरजा, भुवयांच्या मधात, तीन बोटं दुरून. घाम पुसून. उन्हातून आलेल्याले आधी सावलीत बसवजा. मनगटावर नोको धरू, मनगट काही सांगत नाही." एवढं शिक्षण मला आमच्या साहेबांनीही दिलं नव्हतं.

पण लोक कपाळावर धरू देईनात. त्या किरणांनी मेंदू खराब होतो, अशी कुणकुण उठली होती. कपाळाकडे नेलं की माणसं मागे सरायची आणि हात पुढे करायची. मीही सोपं ते करायला लागलो. मनगटावर धरा, आकडा घ्या, लिहा, पुढचं घर. दिवसाला पन्नास घरं, मे महिना, तोंडावर फडकं. काकाजींना मी हे सांगितलं नाही.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. ज्याला ताप निघायचा त्याला गाडीत बसवून भंडाऱ्याला नेत. आमच्या गल्लीतून त्या आठवड्यात तीन माणसं गेली होती आणि एकही परत आलं नव्हतं. म्हणून लोक ताप लपवत. मला चहा पाजून सांगत, मास्तर, जरा पाहून लिहा.

त्या दुपारी यादीतलं शेवटचं घर आमचंच होतं. मी दमून अंगणात शिरलो. काकू नुकत्याच भांडी घासून उठल्या होत्या आणि कूलरसमोर पायरीवर बसल्या होत्या. काकाजी कपाटाजवळ. बाहेरून मांस मिळत नव्हतं, म्हणून त्यांचे पुन्हा बटाटे चालले होते.

काकूंनी हात पुढे केला. मी मनगटावर धरलं. "सत्त्याण्णव," मी म्हणालो.

"मास्तर," काकू म्हणाल्या, "मले आतून कणकण वाटून राहिली जी. बाहेर लागत नाही, पण आतमधी आहे."

मी काकाजींकडे पाहिलं. हातात बटाटा होता, चेहरा आमच्याकडे. मी अक्षरशः वाट पाहिली. आता विचारतील, आता शिव्या घालतील, यंत्र हिसकावून स्वतः कपाळावर धरतील. एकदा तरी उपडा हात कपाळाला लावून पाहतील.

"सत्त्याण्णव म्हणजे बरा आहे," काकाजी म्हणाले. "उन्हाचं असंन. आराम कर."

मी वहीत लिहिलं, लक्षणं नाहीत. सही केली, हात धुतले आणि माझ्या खोलीत जाऊन झोपलो. हो, झोपलो. गाढ झोपलो.

पाचव्या दिवशी काकूंना बोलता बोलता धाप लागायला लागली. भंडाऱ्याला नेलं, तिथून नागपूरला. गाडीत बसताना त्यांनी काकाजींकडे बोट करून मला सांगितलं, "यायच्या जेवणाचं पाहजा." काकाजींना गाडीत बसू दिलं नाही. मग फोन आला. अंत्यविधीसुद्धा परक्या माणसांनी केला, आम्हाला फोटो पाठवला. नागपूरच्या डॉक्टरांनी लेकीला फोनवर सांगितलं होतं म्हणे, चार दिवस आधी आणलं असतं तर. एवढंच बोलले. पुढचं कोणी बोलत नाही.

मी चांगला माणूस असतो तर त्याच आठवड्यात काकाजींच्या पाया पडून सांगितलं असतं. मी बदलीचा अर्ज केला. आणि नशीब असं फिदीफिदी हसणारं, की बदली मिळाली कोंढ्याला, काकूंच्या माहेरी. तिथं काकूंचे भाऊ मला रस्त्यात थांबवून विचारत, "मास्तर, तुम्ही तं तिथंच होते ना? बाईले आधी काही नव्हतं का?" मी म्हणायचो, काही नव्हतं. एकदा नाही, दहादा म्हणालो असेन. मला माझ्या तोंडाची शिसारी यायला लागली.

यंदा दिवाळीनंतर साकोलीहून काकाजींच्या मुलीचा फोन आला. "मास्तर, तुम्ही एकडाव बाबाकडे जाऊन याल का? ते जेवत नाहीत. दिवसभर त्या कपाटापाशी बसतात. माझ्यासोबत बोलत बी नाहीत."

रविवारी दुपारी गेलो. फाटक उघडं होतं. अंगणात धूर आणि करपल्याचा वास. काकाजी त्याच पायरीवर बसलेले, निम्मे झालेले. मला पाहून म्हणाले, "या मास्तर. बसा. व्हाचंच आहे अजून."

दारावर खडूचं ते वाक्य होतं, अर्धं पुसलेलं. मी आत डोकावलो. मधल्या जाळीवर कोंबडी, काळी ठिक्कर. सळई कुठंच नव्हती. दोन्ही सळया काढून, तारा गुंडाळून, वर खिळ्याला टांगल्या होत्या. त्यांच्यावर कोळ्याची जाळी धरली होती.

"आकडा पाहत नाही का आता?" मी विचारलं.

"नाही."

आता नाही सांगितलं तर कधीच नाही, हे मला कळत होतं. मी त्यांच्या शेजारी बसलो नाही, समोर उभा राहिलो. म्हणालो, "काकाजी, त्या दिवशी मी काकूंचा ताप मनगटावर पाहिला होता. तुम्ही सांगितलं होतं तसा कपाळावर नाही पाहिला."

"डाव्या मनगटावर," काकाजी म्हणाले.

"ओलं होतं," ते म्हणाले. "भांडे घासून उठली होती. वरून कूलर. मी पाहून राहिलो होतो ना जी."

चार वर्षं मी जे ओझं वाहिलं, ते त्यांना पहिल्या मिनिटापासून माहीत होतं. मला हलकं वाटायला हवं होतं. मला संताप आला. म्हातारा माणूस आहे, बायको गेली आहे, याचं भान न राहता मी ओरडलो, "मग विचारलं काहून नाही? साऱ्या दुनियेले विचारत होते ना तुम्ही! मले काहून नाही विचारलं?"

काकाजींनी कपाटाकडे पाहिलं. मग म्हणाले, "विचारलो असतो तं तुम्ही पुन्हा लावला असता. कपाळावर लावला असता. खरा आकडा आला असता." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "मंग तिले गाडीत बसवून नेलं असतं. तीन माणसं गेले होते मास्तर, एक बी नव्हता आला. मले थो आकडा नव्हता पायजे. मले सत्त्याण्णवच पायजे होता."

"त्या स्वतः सांगत होत्या," मी म्हणालो. "आतून आहे म्हणून."

"सांगून राहिली होती," ते म्हणाले. "थे कधी चुकली नाही."

ते उठले. कपाटाचं दार उघडलं, धूर अंगावर आला. ती काळी कोंबडी त्यांनी फडक्यानं धरून जाळीसकट बाहेर ओढली आणि पायरीवर ठेवली. अंगठा कोंबडीच्या छातीवर दाबला, उचलला, पुन्हा दाबला. मग माझ्याकडे पाहिलं.

"पाहा बरं तुम्ही. मले नाही समजत. म्हणून दिवसभर ठेवतो, सगळं करपून जाते. तिले कसं समजे कोणाले माहीत."

मी गुडघ्यावर बसलो आणि अंगठा ठेवला. वरून कोळशासारखं कडक होतं. आत काय होतं ते मला सांगता येईना. आम्ही दोघं आळीपाळीनं दाबत राहिलो. झालं की नाही, ते कोणालाच कळत नव्हतं. शेवटी काकाजींनी ती उचलून परत आत ठेवली आणि दार लावून घेतलं.